मुंग्या, ऊब आणि ‘ची’

दोन पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर ठेवून उभे राहा. गुडघे ताठ नकोत, थोडे सैल. खांदे खाली, हनुवटी किंचित आत. आता दोन्ही हात छातीसमोर गोल धरा, झाडाचा जाड बुंधा कवेत घ्यावा तसे. पण बोटं एकमेकांना लागू देऊ नका आणि कोपरं वर उचलू नका. झालं. आता हलायचं नाही. चीनमध्ये या उभं राहण्याला झान झुआंग म्हणतात. वांग श्यांगझाई (1885-1963) या युद्धकलागुरूने तर आपल्या यीछुआन या पद्धतीचा पायाच त्यावर घातला. ताई चीच्या बऱ्याच घराण्यांतही हालचालींच्या जोडीने हे उभं राहणं करून घेतात.

पहिल्या मिनिटात कंटाळ्याखेरीज काही हाती लागत नाही. मग खांदे कुरकुरू लागतात. मांड्या भरून येतात, थोड्या वेळाने थरथरतात. कुठूनशी जांभई येते, पोटात गुडगुडतं, तोंडाला पाणी सुटतं. तळहात गरम होतात, बोटं जाड झाल्यासारखी वाटतात, टोकांना मुंग्या येतात. धीर धरून उभं राहिलं तर आणखी एक गंमत होते. दोन तळहातांमधली हवा जणू घट्ट झालेली असते. हात जवळ आणले तर ती दबते, लांब नेले तर ताणली जाते.

वर्गात कुणी हे सांगितलं की शिकवणारा समाधानाने मान डोलावतो आणि म्हणतो, “ची आली.”

ची म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेली, शरीरभर फिरणारी प्राणशक्ती. (ताई ची या नावातली ‘ची’ ही नव्हे. चिनी लिपीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत; देवनागरीत आपण दोन्हींना एकच करून टाकलं.) मराठी वाचकाला इथे लगेच प्राण, इडा, पिंगळा आठवतील, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्यांना कुंडलिनी जागी होतानाची अंगभर चाललेली उलथापालथही आठवेल. साम्य आहे, पण नकाशे निराळे आहेत. चिनी परंपरेत बारा मुख्य वाहिन्या आणि आठ विशेष वाहिन्या मानल्या जातात. त्या आठांपैकी एक शरीराच्या पुढच्या मध्यरेषेवर आणि एक पाठीच्या मध्यरेषेवर आहे. साठवणीची जागा म्हणजे दानत्येन, बेंबीच्या तीनेक बोटं खाली, पोटाच्या आत. तळहाताच्या मध्यावर लाओगोंग, तळपायाच्या पुढच्या भागातल्या खळग्यात योंगछुआन. ताई चीच्या वर्गात ही तीन नावं सारखी कानावर पडतात, आणि मुंग्या न् ऊब नेमकी तिथेच जाणवते असं शिकणारे सांगतात.

यावर दोन ठरलेली मतं आहेत. एक म्हणतं, ही विश्वातली ऊर्जा अंगात खेळते आहे. दुसरं म्हणतं, सगळा मनाचा खेळ आहे. दोन्ही मतं आळशी आहेत असं मला वाटतं, कारण दोघांनीही एकेक संवेदना हातात घेऊन नीट पाहिलेली नसते. तेवढे कष्ट घेऊ.

उबेपासून सुरुवात करू. तळहात, तळपाय आणि बोटांच्या कातडीत बारीक रोहिण्या आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. शरीराला उष्णता बाहेर टाकायची असली की त्या उघडतात, राखायची असली की मिटतात. ही दारं सिंपथेटिक मज्जासंस्थेच्या, म्हणजे भीती आणि धावपळ सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात आहेत. ताणात किंवा गारठ्यात बोटांचं तापमान 22-25 अंश सेल्सियसपर्यंत उतरू शकतं. माणूस निवांत झाला की 33-34 अंशांपर्यंत चढतं. मुलाखतीला निघालेल्या माणसाचा हात गार लागतो तो याच कारणाने. संथ श्वास, सैल खांदे, एका लयीत एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणारा भार यांनी ती यंत्रणा शांत झाली की दारं उघडतात आणि हाताकडे जाणारं रक्त कितीतरी पटींनी वाढतं. म्हणजे हातात खरोखरच काहीतरी वाहत आलेलं असतं, आणि ते थर्मामीटरवर दिसतं. बोटं जाड वाटतात तीही बरीचशी याच रक्तामुळे. लांब फेरफटका मारून आल्यावर अंगठी घट्ट होते, तोच प्रकार.

जडपणाचं कारण याहून सोपं आहे. साठ किलोच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा असतो. दिवसभर खांद्याचे आणि मानेचे स्नायू तो नकळत उचलून धरतात, म्हणून त्याचं वजन आपल्या लक्षात येत नाही. ते स्नायू सुटले की तीन किलो जाणवतात. योहानेस हाइनरिश शुल्त्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1932मध्ये ऑटोजेनिक ट्रेनिंग नावाची विश्रांतीची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तिची पहिली पायरी ‘हात जड होतो आहे’ आणि दुसरी ‘हात गरम होतो आहे’ अशी आहे. त्यात ची नाही की दानत्येन नाही, तरी संवेदना त्याच. पोटातली गुडगुड, लाळ आणि जांभया यांवर फार शब्द खर्चायला नकोत. शरीर धावपळीतून विसाव्याकडे वळल्याच्या या खुणा; गुडगुड आणि लाळ म्हणजे पचनसंस्था कामाला लागली.

थरथर म्हणजे थकवा. स्नायूतले तंतू गटागटाने, पाळीपाळीने काम करतात. थकल्यावर त्यांची पाळी विस्कटते आणि सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होणारी, एरवी न दिसणारी सूक्ष्म कंपनं डोळ्यांना दिसू लागतात. तिला ‘ची’चा संचार म्हणणारे शिक्षक आहेत. मी म्हणणार नाही.

हात आपोआप वर तरंगल्यासारखे वाटणं मात्र खरोखर चकित करणारं आहे. ताई चीची सुरुवातच दोन्ही हात समोर हळूहळू खांद्यापर्यंत उचलण्याने होते, आणि मुरलेले साधक सांगतात की हात उचलावे लागत नाहीत, उचलले जातात. घरी पडताळून बघा. दाराच्या चौकटीत उभे राहा, हात सरळ खाली ठेवून मनगटाची मागची बाजू चौकटीवर बाहेरच्या दिशेने जोर लावून अर्धा-पाऊण मिनिट दाबा. मग एक पाऊल पुढे या आणि हात सैल सोडा. बऱ्याच जणांचा हात आपोआप वर जातो, कुणी अदृश्य दोरीने ओढावा तसा. ऑस्कर कोनश्टाम या जर्मन मज्जातज्ज्ञाने 1915मध्ये याचं वर्णन केलं. सतत ताण दिलेला स्नायू, ‘आता पुरे’ असा हुकूम झाल्यावरही काही काळ काम करत राहतो, आणि ते काम आपण केलं असं आपल्याला वाटत नाही. बराच वेळ हात गोल धरून उभं राहिल्यावर येणाऱ्या हलकेपणात याचा वाटा असणारच.

आता मुंग्या. इथे सावकाश जायला हवं, कारण मुंग्यांचे प्रकार आहेत आणि त्यांतले काही सुखाचे नाहीत.

एक प्रकार लक्ष दिल्याने येणारा. पुस्तक खाली ठेवा आणि उजव्या हाताच्या बोटांवर दहा सेकंद सगळं लक्ष लावा. काहीतरी जाणवेल: टोचल्यासारखं, धडधडल्यासारखं, कोमट. फ्रान्समधल्या मानसशास्त्रज्ञांनी याचे पद्धतशीर प्रयोग केले आहेत. कसलाही स्पर्श न करता फक्त हाताकडे लक्ष द्यायला सांगितलं तरी माणसं अशा संवेदना नोंदवतात, आणि बोटांची टोकं त्यात पुढे असतात. त्वचेकडून मेंदूकडे निरोप सतत जात असतात. मेंदू एरवी ते दाबून ठेवतो. लक्ष गेलं की दाब उठतो. तळहातांमधली ती घट्ट हवासुद्धा माझ्या समजुतीप्रमाणे अशीच घडते: समोरच्या हाताची ऊब, स्नायूंची बारीक कंपनं, आणि त्या दोन्हींवर रोखलेलं मन.

दुसरा प्रकार श्वासाचा. ‘ची’ खाली उतरवायची म्हणून उत्साही माणूस खोल आणि भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चाळवतात. दोन्ही हातांना एकदम मुंग्या येतात, ओठांभोवतीही येतात, डोकं हलकं होतं. नवशिक्याला वाटतं मोठी प्रगती झाली. खरं तर त्याने फक्त नेहमीसारखा श्वास घ्यायला हवा असतो.

तिसरा प्रकार दबलेल्या नसेचा. मुंग्या फक्त करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात येत असतील तर कोपर फार वाकलं आहे, तिथून जाणारी अल्नर नस ताणली जाते आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथे येत असतील तर मनगटाकडे बघा. मनगट मागे किंवा पुढे मुडपलं की त्यातल्या अरुंद बोगद्यात मिडियन नस दाबली जाते. झंग मानछिंग (1902-1975) या गुरूंनी ताई चीतल्या यांग घराण्याचा लांबलचक क्रम 37 स्थितींवर आणला आणि 1960च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शिकवला. त्यांचा एक आग्रह होता की मनगट कुठेही मुडपायचं नाही. पुढच्या बाहूपासून बोटांपर्यंत हात सरळ, सैल ठेवायचा. अशा हाताला त्यांच्याकडे सुंदर स्त्रीचा हात म्हणत. त्यांचं कारण ‘ची’ अडू नये हे होतं. हाडवैद्य तेच सांगेल, कारण नस अडू नये हे देईल. हात दोघांचा सारखाच दिसेल.

चीची भाषा कुठून आली आणि कशाला उपयोगी पडली, हे यावरून कळतं. ताई चीचा जन्म लढण्यासाठी झाला. हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात, सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळून छिंग राजवट येण्याच्या धामधुमीत, चेन वांगटिंग या लष्करी पेशाच्या माणसाने ही पद्धत बांधली असं बहुतेक इतिहासकार मानतात. दोनेक शतकं ती त्या घराण्यातच राहिली. मग यांग लूछान (1799-1872) हा बाहेरचा माणूस चेन चांगशिंग यांच्याकडे शिकला आणि बीजिंगच्या मांचू सरदारांना शिकवू लागला. त्याचा नातू यांग चंगफू (1883-1936) याने आज जगभरच्या बागांत दिसतो तो संथ, मोकळा, एकसारख्या गतीचा क्रम लोकप्रिय केला. त्याने सांगितलेले दहा नियम 1925मध्ये त्याच्या शिष्याच्या पुस्तकात छापले गेले. डोकं हलकेच वर उचललेलं असावं हा त्यांतला पहिला, आणि जोर न लावता मनाने हालचाल करावी हा सहावा.

या लोकांना पदार्थविज्ञान सांगायचं नव्हतं. त्यांना विद्यार्थ्याकडून नेमकी हालचाल करून घ्यायची होती. ‘ची दानत्येनात उतरव’ म्हटल्यावर माणूस खांदे सोडतो, श्वास पोटाशी नेतो, कंबर सैल करतो आणि भार खाली देतो. चार कामं एका वाक्यात होतात. तेच काम स्नायूंची नावं घेऊन सांगून पाहा, विद्यार्थी लाकडासारखा उभा राहील. हालचाल शिकण्याच्या शास्त्रात गेली पंचवीस-तीस वर्षं हेच पुन्हा पुन्हा दिसतं आहे: लक्ष स्वतःच्या अवयवावर लावलं की हालचाल अडखळते, परिणामावर किंवा एखाद्या चित्रावर लावलं की सुधारते. त्या दृष्टीने ‘ची’ हे फार चांगलं चित्र आहे.

आणि सैलपणामागे कठोर हिशेब आहे. चिनी शब्द सोंग. अंग ढिलं पडू न देता अनावश्यक ताण काढून टाकणं. एर्न्स्ट हाइनरिश वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं की हातातल्या वजनातला फरक कळायला तो फरक मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात, ढोबळपणे चाळिसाव्या भागाइतका, असावा लागतो. हातात 200 ग्रॅम असतील तर 5 ग्रॅमची भर कळते. 20 किलोचं पोतं असेल तर अर्धा किलो पडल्याशिवाय पत्ता लागत नाही. स्नायूंच्या ताणाला हाच न्याय लावून पाहा. आपणच आपल्या अंगात ताणाचं पोतं उचललेलं असेल तर समोरच्याचा हलका धक्का कळणार कसा? ताई चीत तुइ शौ नावाचा जोडीचा सराव आहे. मनगटाला मनगट लावून दोघं एकमेकांचा तोल शोधतात. कसलेला माणूस समोरच्याचा जोर सुरू व्हायच्या क्षणीच ओळखतो. या कौशल्याला ते ऐकणं म्हणतात, जरी ऐकायचं कातडीने असतं. तुमच्या मनगटावर त्याचा हात इतका हलका असतो की तुम्हाला काही कळत नाही, आणि पुढच्या क्षणी तुमची टाच उचललेली असते. नवख्याला ही जादू वाटते. त्यात वेबरचा नियम आहे आणि बरीच वर्षं आहेत.

हार्वर्डमधल्या कॅथरिन केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. अनुभवी ताई ची साधकांच्या बोटांची बारीक स्पर्श ओळखण्याची क्षमता त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त निघाली. गंमत अशी की ताई चीत बोटांनी काही चाचपत नाहीत. फक्त तिथे लक्ष नेत राहतात. अर्थात एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांची बोटं मुळातच तल्लख, तेच या वाटेला जात असतील, हेही शक्य आहे.

‘ची’बाबतचा घोळ सुरू झाला तो अलीकडे. 1950च्या दशकात ल्यू ग्वेझन या कार्यकर्त्याने श्वास, उभं राहणं, ध्यान यांच्या जुन्या पद्धती एकत्र करून चीगोंग या नावाखाली सरकारी दवाखान्यांत आणल्या. 1956मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने यांग पद्धतीवरून 24 स्थितींचा छोटा क्रम तयार केला. तोवर ठीक होतं. पण 1980च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची लाटच आली. गुरू हजारोंच्या सभांतून दुरून ‘ची’ सोडू लागले. हातातून निघणारी ‘ची’ यंत्रावर मोजल्याचे दावे झाले. काही मोजमापांत सापडले ते अवरक्त किरण होते. ते खोटं नव्हतं. 33 अंशांचा कोणताही हात साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक तीव्रतेचे अवरक्त किरण सोडतो. चहाचा कपही सोडतो.

संवेदना हीच कमाई मानली की काय होतं तेही त्या काळात दिसलं. तासन्‌तास ‘ची’ फिरवत बसलेल्या काहींना झोप येईना, अंगात आग वाटू लागली, आवाज ऐकू येऊ लागले. चिनी परंपरेला हा धोका पूर्वीपासून माहीत होता आणि त्याला तिच्याकडे नावही होतं. 1994च्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाने चीगोंगमुळे उद्भवणाऱ्या मनोविकृतीची नोंद परिशिष्टात घेतली. जुने ताई ची शिक्षक म्हणून बजावतात: जाणवलं तर जाणवू दे, नाही जाणवलं तर शोधू नको, पुढची हालचाल कर. मनोविकाराचा पूर्वेतिहास असलेल्यांनी लांबलचक उभ्या किंवा बसल्या ध्यानाच्या नादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू नये, हे मी माझ्याकडून जोडतो.

आणखी काही गोष्टी ‘ची’च्या खात्यावर घालू नयेत. सराव संपून अर्धा तास झाला तरी न जाणारा बधिरपणा, एकाच बाजूच्या हातापायातली एकाएकी आलेली कमजोरी, छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ: यांसाठी गुरू नको, दवाखाना हवा. गुडघेदुखी ही ताई ची करणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि तिचं कारण बहुधा साधं असतं. वळताना पाऊल एकीकडे आणि गुडघा दुसरीकडे राहतो. गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेतच ठेवा. मधुमेहामुळे तळपायाची जाण कमी झाली असेल तर अनवाणी सराव करू नका. योंगछुआनमध्ये काही वाटेना म्हणून खट्टू तर मुळीच होऊ नका.

मग फायदा कुठे मोजायचा? ज्यांनी मोजला त्यांनी पायांत मोजला. अटलांटातल्या एका अभ्यासात, 70 आणि त्याहून अधिक वयाच्या 200 जणांमध्ये, ताई ची शिकलेल्या गटाचा वारंवार पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी घटला. त्याचे निष्कर्ष 1996मध्ये आले. 2012मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फूझोंग ली यांच्या गटाचा पार्किन्सनवरचा अभ्यास छापून आला. रुग्ण होते 195, सराव आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे. मुख्य मोजमाप असं होतं: पाय न हलवता माणूस किती लांबवर झुकू शकतो आणि किती सरळ रेषेत झुकतो. ताई ची करणारे यात वजनी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही सरस ठरले. तळहातातली ऊब या मुख्य मोजमापांत नव्हती.

तेव्हा सरावाची वही ठेवत असाल तर आज किती मुंग्या आल्या ते लिहू नका. भिंतीजवळ, हाताशी आधार ठेवून, एका पायावर किती सेकंद उभं राहता आलं तेवढं महिन्यातून एकदा लिहा.